वार पाळायचा तर पुरा पाळू

पेरण्या आटपल्या आणि रोपलावण तोंडावर आली की आमच्या गावच्या देवळात बैठक बसते. देवस्की पंच, म्हणजे देवळाचा कारभार बघणारे, असतात, गल्लीगल्लीतली जाणती माणसं असतात, भजनी मंडळातली पोरं मागे खांबांना टेकून बसलेली असतात. विषय दरसालचाच: वार कधीपासून पाळायचे आणि किती. यंदा त्यात एक नवी गोष्ट निघाली. मागे बसलेला एक तरुण उठला आणि म्हणाला, "वार पाळतोयच तर मग संध्याकाळी गाऱ्हाणं घालून आरती होईपर्यंत देवळात कुणी फोन आणायचा नाही, असं ठरवा की."

जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग सगळेच एकदम बोलायला लागले.

मी त्या तरुणाच्या बाजूचा आहे. का आहे, ते बैठकीच्या गलक्यात सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

आधी वाराविषयी थोडं, कारण पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला ही रीत ठाऊक असेलच असं नाही. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या कित्येक गावांत पावसाळ्यात काही आठवडे एक ठरलेला वार पाळतात. कुठे मंगळवार, कुठे शुक्रवार. गावागणिक रीत वेगळी. त्या दिवशी शिवारात औत जात नाही. पाऊस वेळेवर पडावा, पिकांवर आणि माणसांवर रोगराई येऊ नये म्हणून ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतात. शेती न केलेल्याला यात काही विशेष वाटणार नाही. ज्यानं कमरेत वाकून चिखलात रोप लावलंय त्याला विचारा. शेतात पाणी उभं आहे, लावायचा तरवा, म्हणजे भाताची रोपं, वाढून चाललाय, माणसं आज मिळतायत, उद्या मिळतील की नाही सांगता येत नाही. अशा दिवसांत आख्ख्या गावानं आपण होऊन हात थांबवायचे! नारळ, ओटी, साडीचोळी सगळं बाजारात मिळतं. हंगामातला दिवस कुठल्या बाजारात मिळत नाही. तो आपण देवीला देतो. आज माझं ध्यान माझ्या बांधाकडे नाही, तुझ्याकडे आहे, असं तिला सांगण्याची ही रीत आहे. मला तरी वाराचा अर्थ एवढाच कळलाय आणि तो मला फार मोठा वाटतो.

गांधीजी सोमवारी मौन पाळत. १९२४च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा ते अध्यक्ष होते. आयुष्यात ते या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, हे आम्ही इथली माणसं अभिमानानं सांगतो, टिळकवाडीतली काँग्रेस विहीर पाहुण्यांना दाखवतो. ज्या माणसाकडे देशभरातून रीघ लागायची, पत्रांचा ढीग पडायचा, त्यानं आठवड्यातला एक वार राखून ठेवला होता. आमच्या पणजोबांना त्याचं नवल वाटलं नसणार. त्यांच्या गावात वार होताच.

आता आज तो कसा पाळला जातो ते बघा. गेल्या साली वाराच्या दुपारी देवळाच्या कट्ट्यावर पंधरा-वीस जण बसले होते. शेतात कुणी गेलं नव्हतं, रीत सांभाळली होती. पण एकजण दुसऱ्याशी बोलत नव्हता. प्रत्येकाच्या हातात फोन, आणि वीस फोनांतले वीस आवाज एकमेकांत मिसळून नुसता कालवा. बैलांच्या मानेवरचं जू उतरलं होतं, माणसांच्या माना खालीच होत्या. संध्याकाळी पुजारी गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. गाऱ्हाणं ही एकट्यानं म्हणायची गोष्ट नव्हे. त्यानं एकेक मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी एका आवाजात होकार भरायचा. लहानपणी तो होकार ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. गेल्या साली तो उशिरा आला, तुटक आला. हात वर होते, त्यांत फोन होते, आणि प्रत्येकजण चित्रण नीट येतंय का ते बघत होता. देवीनं गाऱ्हाणं ऐकावं म्हणतो, ते आधी आपल्या कानांवर पडायला नको काय?

बैठकीत विरोध झाला तो उगाच झाला नाही. एक बाई उठल्या. त्यांचा मुलगा फौजेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात, त्यामुळे आमच्या भागात फौजेत माणूस नसलेलं गाव शोधावं लागेल. त्या म्हणाल्या, "माझा ल्योक तिकडं बर्फात बसून आरती बघतोय. त्याचं दर्शन बंद करणार काय तुम्ही?" यावर बोलायची कुणाची हिंमत झाली नाही, माझीही नाही. पुण्याला, गोव्याला कामाला गेलेल्या पोरांचंही तेच. त्यांना गावाशी बांधून ठेवणारी दोरी म्हणजे तो फोन. ही अडचण खरी आहे. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे, कारण तिला उत्तर आहे असं मला वाटतं.

पण त्याआधी एक रात्र सांगायला हवी. आमच्याकडे गावोगावी ज्ञानेश्वरीचं पारायण होतं. मांडव, काकडा, कीर्तन, आणि अखंड वीणा. वीणा खाली टेकायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात. दोनेक वर्षांमागं शेजारच्या गावच्या पारायणात मुक्कामाला होतो. रात्री दोनच्या सुमाराला जाग आली. मांडवात ताडपत्रीवर माणसं झोपलेली, समईची वात कमी झालेली, आणि पोथीसमोर एक सत्तरीतले शेतकरी गळ्यात वीणा घेऊन उभे. ऐकायला कुणी नाही. टाचांना भेगा पडलेल्या, त्यांत चिखलाची काळी रेघ बसलेली. थोडा वेळ डाव्या पायावर भार, मग उजव्या. बोट तारेवर, ओठांत "रामकृष्ण हरी", नजर समोर. त्यांच्या नंतरचा माणूस अर्धा तास उशिरा आला. तेवढ्या वेळात त्यांनी एकदाही मांडवाच्या दाराकडे बघितलं नाही. तो आल्यावर दोघं एकमेकांच्या पाया पडले, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात गेली.

नंतरचा तरुण होता, चांगल्या घरचा, शिकलेला. थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं डाव्या हातानं खिशातून फोन काढला. उजव्या हाताचं बोट तार छेडतच होतं, तोंडानं नाम चालूच होतं, आणि डाव्या हाताचा अंगठा पडद्यावर वर सरकत होता. वीणा जमिनीला लागली नाही, नाम खंडलं नाही. तरी पहाऱ्यावर कुणी नव्हतं.

त्या मुलाला मी दोष देत नाही. अपरात्री एकट्यानं उभं राहायचं, समोरचा बोलत नाही, मान हलवत नाही, बरं केलंस म्हणत नाही. हे अवघडच आहे. पण देवापुढे उभं राहण्यात जे काही आहे ते याच अवघडपणात आहे, असं मी दिवसेंदिवस मानायला लागलोय. माझे काही मित्र म्हणतात, माणसाची सेवा हीच देवाची सेवा, मग देवळात तासभर उभं राहण्यापेक्षा तो तास एखाद्या आजाऱ्यापाशी काढावा. ऐकायला गोड वाटतं. पण आजाऱ्यापाशी बसणाऱ्यांना मी बघितलंय. दहा मिनिटं विचारपूस होते, मग हात आपोआप खिशाकडे जातो, कारण आजारी माणूसही पुष्कळ वेळ काही बोलत नाही. जो बोलत नाही त्याच्यासमोर पुरं हजर राहायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. सत्तरीतल्या त्या शेतकऱ्याला ते वीणेनं शिकवलं होतं. देव म्हणजे माणसांसाठीची नुसती तालीम, असं मला म्हणायचं नाही. मी भाविक माणूस आहे, त्याच्यासाठीच त्याच्यापुढे उभा राहतो. पण तिथे कमावलेली नजर देवळाच्या उंबऱ्याशी काढून ठेवता येत नाही. ती बरोबर घरी येते.

दुसऱ्या दिवशी वाचन नवव्या अध्यायावर आलं. त्याची पहिलीच ओवी ऐकणाऱ्याला म्हणते, "तरी अवधान एकलें दीजे", एकटं लक्ष तेवढं द्या, मग सगळ्या सुखाला पात्र व्हाल. पुढच्याच ओवीत ज्ञानदेव सांगतात की हे मी मोठेपणानं बोलत नाही, तुमच्याशी असलेल्या सलगीनं विनवतोय. एवढा अधिकारी पुरुष, आणि लक्ष द्या म्हणून हुकूम सोडत नाही, लाडानं मागतो. ओवी शेकडो वेळा वाचलेली होती. पण रात्रीचा तो अंगठा डोळ्यांपुढे असताना वाचली तेव्हा तिच्यातला "एकलें" हा शब्द मला पहिल्यांदा दिसला.

मी मराठी शाळेत शिक्षक होतो. रोज सकाळी हजेरी घ्यायचो. मान हजेरीपटात, एकेक नाव, "हजर", बरोबरची खूण, पुढचं नाव. वर्षानुवर्षं असंच. एकदा चौथीतला एक मुलगा तीन दिवस शाळेत नव्हता आणि माझ्या पटावर तिन्ही दिवस हजर होता. शेजारचा पोरगा त्याच्या नावाला ओ देत होता. आईबापांबरोबर तो ऊसतोडीला गेला होता. गेला त्याच्या आदल्या दिवशी, सुट्टी झाल्यावर, तो माझ्या टेबलापाशी बराच वेळ घुटमळत होता, हेही मला नंतर आठवलं. तेव्हा मी वह्या तपासत होतो. "काय रे?" एवढं विचारलं, मान वर केली नाही. तो "काही नाही गुरुजी" म्हणून गेला. फोन तेव्हा नव्हते, म्हणून सगळं खापर मी फोनावर फोडत नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक नावाला चेहरा बघून मग खूण केली. चाळीस मुलांना दोन मिनिटं जास्त लागायची.

आता जरा अवघड गोष्टीकडे येतो. सीमाभागातला मराठी माणूस १९५६पासून, म्हणजे हा भाग आजच्या कर्नाटकात गेला तेव्हापासून, काय म्हणतोय? आमचं ऐका. दर १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो तेव्हा तेच म्हणतो. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला तेही ते ऐकून घ्यावं म्हणूनच. प्राथमिक शाळेत मुलाला मातृभाषेतून शिकता यावं हे घटनेच्या ३५० अ कलमात आहे. जिथे भाषिक अल्पसंख्य १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात हे तत्त्व मान्य झालेलं आहे. जमिनीचा उतारा मराठीत मागणं हा हट्ट नव्हे, हक्क आहे, आणि तो मी सोडायला सांगत नाही. पण जो इतकी वर्षं दुसऱ्याचं लक्ष मागतोय, त्यानं स्वतः लक्ष कसं देतो हे बघायला नको काय?

एका कचेरीत मी हे दोन्ही बाजूंनी बघितलं. खानापूरकडचे एक आजोबा उताऱ्यावरच्या नावाची चूक दुरुस्त करायला आले होते. खिडकीतला माणूस संगणकावरची नजर न काढता म्हणाला, "हेळ्री." आजोबांनी मराठीत सांगायला सुरुवात केली. तो बोटानं अर्ज दाखवून पुन्हा म्हणाला, "हेळ्री." तीन वेळा असं झालं. चौथ्या वेळी आतल्या टेबलावरचा दुसरा कारकून, तोही कानडीच, उठून बाहेर आला. "बर्री काका," म्हणत त्यानं आजोबांना बाकावर बसवलं, शेजारी बसला, कागद मांडीवर घेतला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत मोडक्या मराठीत विचारायला लागला. त्याची मराठी माझ्या कानडीपेक्षा कच्ची होती. पाच मिनिटांत काम समजलं. हेळ्री म्हणजे सांगा. दोघांचीही मातृभाषा कानडीच होती; एकाला आजोबा दिसले, दुसऱ्याला फक्त रांग दिसली. आणि आपल्या दुकानात सौंदत्ती-बैलहोंगलकडची एखादी बाई कानडीत काही विचारायला लागली की मराठी दुकानदारही न बघता "काय पाहिजे?" म्हणतोच की. मी ते बघितलंय आणि मला लाज वाटलीय.

आमच्या भागाला हे खरं तर नवं नाही. दोन भाषांच्या शिवेवर राहणाऱ्या माणसाला कान देऊनच ऐकावं लागतं. अर्धा शब्द कळतो, उरलेला चेहऱ्यावरून, हातवाऱ्यांवरून लावावा लागतो. आमच्या आयाबायांनी असेच संसार केले, बाजार केले, सोयरिकी जुळवल्या. नोकरीच्या निमित्तानं मी काही वर्षं शहरात भाड्यानं राहिलो तेव्हा शेजारी एक लिंगायत अज्जी होत्या. रोज सकाळी आंघोळ करून, विभूती लावून त्या गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेत आणि त्याच्याकडे बघत बसत. दूधवाला आला, दार वाजलं, तरी नजर हलायची नाही. पूजा आटपून बाहेर आल्या की मला विचारायच्या, "चहा आतेन्री?" झाला काय चहा, एवढंच. पण विचारून त्या थांबायच्या. मी काही उत्तर देईपर्यंत माझ्याकडे बघत राहायच्या, सकाळी तळहाताकडे बघत असत तशाच.

माझी आई आजारी होऊन आमच्याकडे आली तेव्हा अज्जी रोज दुपारी तिच्या खाटेपाशी येऊन बसायला लागल्या. आईला कानडी येत नव्हतं, अज्जींना मराठी आकड्यांपुरती. दोघी पावट्याच्या शेंगा सोलत बसायच्या. आईचे हात थरथरायचे, तिच्याकडून दाणा खाली पडला की अज्जी तो उचलून आईच्याच ताटात टाकायच्या, स्वतःच्या नाही. संध्याकाळी मी विचारायचो, काय बोललात दिवसभर? आई म्हणायची, "पुष्कळ." त्याच दिवसांत आम्ही आईला एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. तपासण्या सगळ्या झाल्या, औषधंही चांगली दिली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "त्यांनी मला बघितलंच नाही रे." मी तिला समजावलं की त्यांनी सगळे रिपोर्ट बघितले. ती काहीच बोलली नाही.

पुंडलिकाची गोष्ट आपण सगळे सांगतो, आईबापांची सेवा चालू होती म्हणून त्यानं देवाला थांबायला लावलं. त्यातल्या विटेकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. दारात चिखल होता. पाहुण्याचे पाय चिखलात राहू नयेत म्हणून त्यानं ती फेकली. हात आईबापांच्या पायांवरून काढला नाही, तरी दारात कोण उभं आहे आणि कशात उभं आहे हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तर ज्याला ज्ञानदेव कानडा म्हणतात तो विठ्ठल त्या विटेवर अजून उभा आहे. आपण आज आईशी बोलताना फोन बघतो आणि आरतीत आईचा फोन आला की तो घेतो. दोघांनाही अर्धं-अर्धंच देतो.

डॉल्बीबद्दल वेगळं लिहीत नाही. ज्या यात्रेत शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं तिथे देवाशी कोण काय बोलणार?

तर बैठकीतल्या प्रश्नाकडे. दंड लावा असं काहीजण म्हणाले, मी त्याला विरोध केला. वार दंडाच्या भीतीनं पाळला जात नाही. गावानं शब्द दिलाय म्हणून पाळला जातो, आणि लक्ष तर दंडानं मिळतच नाही. फौजीच्या आईचं म्हणणं मात्र पुरं मानायला हवं. तिच्या मुलाला दर्शन मिळालंच पाहिजे. त्यासाठी शंभर फोन कशाला? एकच फोन, देवीसमोरच्या खांबाला बांधलेला, गावातून बाहेर गेलेल्या सगळ्यांसाठी. आज त्या पोराला आरतीत काय दिसतं, तर पुढच्या माणसांचे वर केलेले हात. ते हात खाली आले तर त्याला देवीचं तोंड दिसेल. हे मी सांगितलं तेव्हा त्या बाई जरा वेळ विचार करत बसल्या आणि म्हणाल्या, "खांबाला बांधताय ते खरं, नीट उंच बांधा."

पाच मंगळवार ठरले. सगळे राजी झालेले नाहीत. दोन गल्ल्यांतल्या पोरांनी बघू म्हणून सांगितलंय, आणि एक पंच अजून म्हणतात की असलं काही आपल्या बापजाद्यांच्या रीतीत नव्हतं. दाराशी फोन ठेवायला बुट्टी लागणार आहे. आमच्या घरात भाताच्या सुगीची एक मोठी बांबूची बुट्टी आहे, आईच्या वेळची. ती मी धुऊन उन्हात घातलीय. मंगळवारी दिवेलागणीच्या आधी देवळात नेऊन ठेवणार आहे आणि पहिला फोन माझा टाकणार आहे.